उंचीची वजाबाकी

रेनानच्या बोटाला सुई टोचली, एक थेंब पट्टीवर,
मशीन म्हणालं, अकरा पूर्णांक आठ.
मी हसले. नर्सने वहीत लिहिलं,
नऊ पूर्णांक एक.
मधलं कुठे गेलं, मी विचारलं.
तुम्ही उंचावर राहता ना बाई,
उंचीचे वजा करावे लागतात.

आता डोंगर काय मी आणून ठेवला इथे?
आमच्या आधीपासून बसलाय तो पुका कासाच्या डोक्यावर.
मक्यातला वाटा घेतो, झोपेतला घेतो,
आता पोराच्या रक्तातलाही घेतो म्हणे.

मग सल्ले सुरू झाले.
सासूबाई म्हणाल्या बीट. लाल ते रक्त.
बीट आमच्याकडे खालून येतं, ट्रकने,
आणि ट्रक येतो मंगळवारी, आला तर.
बसथांब्यावरचा पावडरवाला, एक डबा तीस सोल,
डब्यावर गुबगुबीत पोर, आमच्यातल्या कुणाचंच नाही.
रेडिओवरचा माणूस दूध म्हणाला,
शेजारची फ्लोरेन्सिया म्हणाली, दूध मुळीच नको.
दवाखान्याच्या भिंतीवर एक चित्र होतं,
ताटभर मासे, शेजारी हिरवं झाडासारखं काहीतरी
जे मी कधी शिजवलं नाही, पाहिलंही नाही.
चित्रातली आई हसत होती.
तिच्या स्वयंपाकघरात धूर नव्हता.

दवाखान्याने लोहाच्या थेंबांची बाटली दिली.
रेनान थुंकला. भिंतीवर, माझ्या शालीवर, कुत्र्यावर.
चौथ्या दिवशी मी बाटली मिठाच्या मडक्यामागे सारली
आणि तक्त्यावर रोज बरोबरची खूण करत गेले,
एका ओळीत, सुबक.
शाळेत माझा हात कधी इतका वळला नव्हता.

मग एउलोखिया आली.
नर्स नव्हे, मदतनीस. खालच्या खोऱ्यातून चालत,
घोट्यापर्यंत चिखल, स्वतःची तीन वाढवलेली.
मीठ हवं होतं की दुसरं काही, आठवत नाही,
पण तिचा हात मडक्यामागे गेला
आणि बाटली बाहेर आली, गळ्यापर्यंत भरलेली.
मी चुलीकडे बघत राहिले.
तिने झाकण काढलं, दोन थेंब
स्वतःच्या जिभेवर टाकले
आणि तोंड असं केलं
की रेनान खदखदून हसला.
खिळा चाटल्यासारखं लागतं गं, ती म्हणाली,
पोराची काय चूक.

इतक्या जणांनी सांगितलं काय द्यायचं.
चाखून कुणी पाहिलं नव्हतं.

त्याला आवडतं काय?
उकडलेला मका, मी म्हटलं. आणि माझ्या ताटातलं.
तुझ्या ताटात काय असतं?
बटाटा. मग बटाटा.
कोंबडी कापता तेव्हा रक्ताचं काय करता?
कुत्र्याला घालतो.
तिने दाराकडे पाहिलं.
कुत्रा धष्टपुष्ट आहे तुमचा, ती म्हणाली.

रविवारी बाजारातून तिनेच आणलं, खाटकाकडून, जवळजवळ फुकट.
उकळून घट्ट केलं, हाताने कुस्करलं,
कांदा, पुदिना, आणि चिमूटभर मीठ त्याच मडक्यातलं.
थेंब द्यायचे तर संत्र्याच्या रसाबरोबर,
पाल्याच्या चहाबरोबर नाही.
मी विचारलं, दात काळे पडतात ते जातील का?
ती थांबली.
हे मला नक्की ठाऊक नाही, विचारून सांगते.
मला वाटलं, गेली.
गुरुवारी पावसात परत आली,
फक्त तेवढं सांगायला. जातात. घासायचे.

तेव्हापासून मी तक्त्यावर खरं लिहिते.
सोमवार, दिले. मंगळवार, थुंकला.
बुधवार, अर्धे कुत्र्याने.

आता भरवते तेव्हा
एक घास अल्पाकाचा, एक घास कोल्ह्याचा,
एक त्या चिखलाच्या बुटांचा, असं म्हणत.
पुढच्या महिन्यात पुन्हा सुई.
डोंगर त्याचे वजा करणारच, आकडा काय येईल कोण जाणे.
कुत्रा उंबऱ्यावर बसून असतो,
माझ्याकडे रोखून बघतो,
सावकार बघावा तसा.